सुपारीच्या डबीतलं कार्ड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे ज्यांच्या घरी घडलं ते श्रीरंगकाका माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. त्या माणसाला साधी थाप मारता येत नाही. जन्मात एकच मारली...

आणि ती अशी अंगाशी आली, की अजून उतरलेली नाही.

रात्रीची गोष्ट नाही ही. जबलपूरची रांझी वस्ती. एप्रिल संपत आलेला, आणि भर दुपार.

काका तिथल्या फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर झालेले. सुनेत्रामावशी अजून नोकरीत. त्यामुळे दिवसभर घरात दोघंच. काका, आणि त्यांची आई, इंदिराआजी. आजीचं खुब्याचं हाड मोडलेलं. खाटेवरून उठणं बंद. खाऊ घालणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं काका एकटे करायचे. माणूस नुसता पिळून निघाला होता.

काकांचे थोरले भाऊ पुंडलिक नागपूरला असायचे. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. आईवर फार जीव. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आजीला काही दिसत नाही, म्हणून त्यांनी आपला जुना लॅपटॉप इथे आणून ठेवला. म्हातारं यंत्र ते. विंडोज पेलवेना, म्हणून त्यात लिनक्स टाकून दिलेलं.

दर रविवारी व्हिडिओ कॉल. आधी दोनदा खाकरायचे, मग विचारायचे, "आई, दिसून राहिलो का?"

भानगड एकच होती. त्यातलं वायफायचं कार्ड फार जुनं. लिनक्स अपडेट झालं, की ते रुसून बसायचं. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, वेगळा उतरवून घ्यावा लागे, आणि उतरवायला नेट लागे. म्हणजे दोर विहिरीत आणि पाणीही विहिरीत! मग पुंडलिक फोनवरून एकेक कमांड सांगायचे आणि काका टाइप करायचे. कार्ड चाललं, की लॅपटॉपच्या कडेचा नारिंगी दिवा निळा व्हायचा.

आजीच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात पुंडलिक गेले. झोपेतच. हार्ट अटॅक.

डॉक्टरांनी बजावलं, आजींना धक्का बसता कामा नये. मग ठरलं, सांगायचं नाही. पुंडलिकला कंपनीनं मस्कतला पाठवलंय, तिथून साधा फोन लागत नाही. काकांनी नागपूरला जाऊन अग्नी दिला. दहावा-तेरावा इथेच नर्मदेवर, ग्वारीघाटला उरकला, आणि आजीला सांगितलं पेन्शनच्या कामाला जातो म्हणून.

डोकं भादरलं नाही. आजीनं विचारलं असतं.

गेलेल्याच्या नावानं घरात दहा दिवस लावतात तो दिवाही लावला नाही. तोही तिला दिसला असता. फोटो नाही, हार नाही, काही नाही. सख्खा भाऊ गेला आणि काका मोकळं रडलेसुद्धा नाहीत.

आजी रोज विचारायची, "कॉम्प्युटरवर लाव ना पुंडलिकले."

"कार्ड बिघडलं आई. दुरुस्त करून राहिलो."

पहिल्यांदा ते खरंच होतं. काकांना वाटलं, निदान आपली पुण्याला असलेली मुलं, तिची नातवंडं तरी दिसतील तिला. मोबाइल वायरनं जोडला, त्यावरून ड्रायव्हर उतरवला, पुंडलिकनं शिकवलेल्या कमांड आठवून आठवून टाकल्या. दिवा निळा झाला! आजीनं लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"आता लाव. आधी पुंडलिकले."

काकांनी घाईघाईनं लॅपटॉप मिटला.

त्याच संध्याकाळी त्यांनी लॅपटॉप उलटा केला, झाकण उघडलं, आणि ते कार्ड काढूनच टाकलं. पितळेच्या सुपारीच्या डबीत घालून देवघराखालच्या कपाटात ठेवलं. आत फक्त दोन मोकळ्या वायरी राहिल्या, एक काळी, एक पांढरी.

तेव्हापासून रोज दुपारी काका खाटेजवळ लॅपटॉप घेऊन बसायचे आणि दुरुस्तीचं सोंग करायचे. कार्डच नाही, तर दुरुस्त काय करणार? कपाळ! पण त्या सोंगानंच माणूस जास्त दमला. नंतर मला म्हणाले, "आईची सेवा जड नव्हती गेली रे. ते खोटं टाइप करणं जड जात होतं."

त्या दुपारी काका बाहेरच्या खोलीत खुर्चीतच पेंगले होते.

लाइट गेली. कूलर थांबला.

एकदम सगळं चिडीचूप...

आणि आतून आजीच्या हसण्याचा आवाज आला.

काकांना वाटलं, झोपेत बरळत असेल. उठले. दाराशी आले.

आजी उशीला टेकून बसली होती. पायथ्याच्या स्टुलावर लॅपटॉप. काकांनी तो स्वतः बंद करून ठेवला होता. आता उघडा होता. आजीचा हात तिथवर पोचणं शक्यच नव्हतं.

पडदा काळाकुट्ट.

पण कडेचा दिवा... निळा.

"थांब हं," आजी पडद्याला म्हणाली. "श्रीरंग आला. बोल त्याच्याशी."



स्पीकरमधून कुणीतरी खाकरलं.

एकदा... दोनदा...

आणि दिवा विझला.

"गेला वाटते," आजी हळूच म्हणाली. मग काकांकडे वळली. "तिथं लय अंधार आहे म्हणे रे. चाचपडून राहिला बिचारा. 'घरी माह्या नावाचा दिवा नाही लावला,' म्हणे. काहून नाही लावला, श्रीरंग?"

काकांनी लॅपटॉप उलटा केला. झाकण काढलं. जागा रिकामीच. काळी वायर, पांढरी वायर.

धावत कपाटाशी गेले. डबी हातात घेतली आणि लगेच सोडली. बोटं पोळली!

उन्हाळाच होता, तापली असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो होतो. पण शेजारीच पितळेची घंटा होती, आणि ती गार होती.

काका परत आले.  एवढंच म्हणाले, "आज लावतो, आई."

संध्याकाळी मावशी आली. काकांनी समई नाही, साधी पणती घेतली. पुंडलिक यायचे तेव्हा ज्या खुर्चीत बसत, तिच्यापुढे ठेवली. हाताला सवय देवाच्या दिव्याची, म्हणून वात पूर्वेकडे केली.

आजी खाटेवरून बघत होती.

मग म्हणाली, "वात फिरव. दक्षिणेले कर."

काका तिथेच खाली बसले आणि इतक्या महिन्यांचं रडू एकदम फुटलं. आजी रडली नाही. खाटेवरून हात लांब करून ती नुसती त्यांच्या न भादरलेल्या डोक्यावरून फिरवत राहिली.

लॅपटॉपचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

काकांनी कार्ड नर्मदेत सोडलं. लॅपटॉपची बॅटरी काढून तो माळ्यावर टाकला. संपलं, असं सगळे धरून चालले.

मागच्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारी जेवायला बसलो आणि लाइट गेली. पंखा थांबला.

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस?"

मी म्हणालो, "नाही काका. काय?"

थाप मारली मी...

दोनदा खाकरलं होतं कुणीतरी.