मामा वाट चुकतो

कतारमधल्या अल वक्राच्या छोट्या सार्वजनिक वाचनालयात मराठी मुलांसाठी गोष्टींचा तास सुरू झाला, तो भैरवी चांदवडकरच्या भांडखोरपणामुळे. तिथे मल्याळी गोष्टींचा तास होता, तमिळ होता, बायकांसाठी शिवणवर्ग होता, आजीआजोबांना मोबाइल शिकवणारेसुद्धा होते. मराठीचं मात्र नाव नाही. भैरवीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एके सकाळी ती कार्यक्रम बघणाऱ्या सलमाच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली ती वेळ मिळेपर्यंत हललीच नाही.

सलमा हैदराबादची, त्याच खुर्चीत मुरलेली. "शनिवार सुबह ग्यारह बजे. लेना है तो लो," ती तुटकपणे म्हणाली. संध्याकाळी एकही खोली रिकामी नव्हती. वर्ल्ड कप येणार म्हणून टॅक्सीवाल्यांपासून हॉटेलातल्या वाढप्यांपर्यंत सगळी दुनिया इंग्रजी बोलायला शिकत होती, आणि ते वर्ग संध्याकाळीच भरायचे. सलमाची अट एकच होती: मुलांना नुसतं ऐकवत बसायचं नाही, त्यांनाही गोष्टीत घ्यायचं. भैरवीने घेतली ती वेळ. तिच्या नुपूरला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं इंग्रजीत. आपल्याच पोटच्या पोरीशी बोलताना मध्ये दुभाषा हवा की काय, या विचाराने भैरवीचा जीव जळायचा.

पहिली हरकत घेतली शोभावहिनींनी. वहिनी जळगावकडच्या. वक्रात जेव्हा नुसती कोळ्यांची घरं आणि वाळू होती तेव्हापासून इथे राहिलेल्या.

"भरदिवसा गोष्टी? मुलांचा मामा वाट चुकतो गं!"

"मग मामांना गूगल मॅप लावायला सांगा, वहिनी."

"हसू नको. आमच्याकडे दिवेलागण झाल्याशिवाय गोष्टीसाठी कोणी तोंड उघडायचं नाही."

भैरवी हसलीच. घरी जाऊन तिने जाहिरात केली आणि सगळ्या मराठी ग्रुपवर टाकली: 'भरदिवसा गोष्टी! मामांनी आपापल्या जबाबदारीवर घराबाहेर पडावे.' हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण लोकांना गंमत वाटली, आणि पहिल्याच शनिवारी मुलांची खोली गच्च भरली.

नुपूरचा मामा म्हणजे अवधूत, भैरवीचा एकुलता एक धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा भैरवीनेच त्याची वेणीफणी सोडून बाकी सगळं केलं होतं. डबा, अभ्यास, मार, सगळं. आता तो दोहाच्या पलीकडे अल गराफात राहायचा आणि एका कंत्राटदाराकडे रस्त्यांची डायव्हर्जन आखायचा. त्या दिवसांत रात्री जिथे चौक असायचा तिथे सकाळी खड्डा निघायचा, आणि गाडी वळवायला लावणारे ते पिवळे बाण अवधूत कागदावर काढायचा. अर्धं दोहा रोज त्याच्या नावाने बोटं मोडायचं. शनिवारी सकाळीच तो वाचनालयात यायचा, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसायचा आणि सगळ्यांत मोठ्याने "हुं" म्हणायचा. मग ताईकडे जेवण आणि तिच्याच सोफ्यावर झोप. भैरवीचा सगळा आठवडा त्या दुपारसाठी असायचा.

गोष्ट तिने अशीच मनाने रचायला घेतली. एक भाऊ भाऊबिजेला बहिणीच्या गावी निघाला आहे. वाटेत फाटा आला की भैरवी थांबायची, मुलांना विचारायची, "आता कुठे वळू दे?" मुलं बेंबीच्या देठापासून ओरडायची, "लेफ्ट! लेफ्ट!" मग भाऊ डावीकडे वळायचा. कधी चिंचेखालून जायचा, कधी पिठाच्या गिरणीवरून. ती इंजिनवरची जुनी गिरणी, पुक पुक पुक. मुलांनी अशी गिरणी बापजन्मात पाहिली नव्हती, म्हणून भैरवी तो आवाज तोंडाने काढून दाखवायची. तास संपला की गोष्ट अर्ध्यावर. "उरलेलं पुढच्या शनिवारी!" भाऊ काही बहिणीच्या घरी पोचत नव्हता, आणि मुलं काही शनिवार चुकवत नव्हती.

गोष्टीला येणाऱ्या श्रेयसचा मामा हरवला तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. तो एका शनिवारी दोहाहून बहिणीकडे, जेमतेम अर्ध्या तासावर, वक्राला यायला निघाला, सकाळी निघालेला माणूस दिवस कलताना पोचला. गाडीवर बोटभर धूळ. रस्ते असे झालेत म्हटल्यावर यात नवल काय? सगळ्यांनी अवधूतकडे बघून डोळे मिचकावले. पुढच्या शनिवारी श्रेयसची आई त्या मामाला घेऊन वाचनालयात आली, तेव्हा भैरवीने सहज विचारलं, "भाऊजी, गेला होतात तरी कुठे?"

 उंचापुरा, बँकेत काम करणारा माणूस. ओठ उन्हाने फुटले होते.

"डावीकडे वळलो," तो म्हणाला. "मग परत डावीकडे. तिथे एक गिरणी लागली. पिठाची. चालू होती, पण जवळपास माणूस नव्हता." मग म्हणाला, "कतारमध्ये चिंच येते का हो?"

चिंच आणि गिरणी तर आपल्या गोष्टीतली, भैरवीला वाटलं. पण लगेच तिने स्वतःला दटावलं. भाच्याने घरी गोष्ट सांगितली असणार, आणि उन्हाने माणसाचं डोकं फिरतं. एवढं सरळ आहे. श्रेयस मात्र कधीच कोणाला काही सांगत नसे. तो मराठीतला शब्दही बोलत नसे.

दोन-तीन शनिवार गेले. मग तिथेच येणाऱ्या अंतराच्या आईचा भाऊ नाहीसा झाला. तो इथला नव्हताच, बार्शीचा. शनिवारी घरून दुकानात जायला निघाला, ज्या बोळातून त्याचे वडील आणि आजोबाही दुकानात गेले होते त्याच बोळातून. दुकानात पोचला नाही. पोलीस झाले, विहिरी झाल्या. फक्त वाटेत त्याने बायकोला एक फोन केला होता: इथे गिरणी कधी सुरू झाली गं?

ग्रुपवर त्या रात्री जे सुरू झालं ते वाचवत नव्हतं. काल ज्या बायका भैरवीला 'किती छान उपक्रम' म्हणत होत्या त्यांनी तिचं सगळं खानदान काढलं. कोणी लिहिलं, हिला स्वतःची गोष्ट संपवता येत नाही. कोणी लिहिलं, हिचा भाऊ तेवढा शनिवारी आधीच येऊन बसतो, तो कसा चुकेल? हे शेवटचं तिच्या जिव्हारी लागलं. अंतराच्या आईने काहीच लिहिलं नाही. ती सलमाकडे गेली. सलमाने भैरवीला बोलावून सांगितलं, "बंद करो. मुझे झगड़ा नहीं चाहिए. खलास."

भैरवी वेडी नव्हती, पण हट्टी होती, आणि हट्टाला पेटलेलं माणूस वेड्यापेक्षा वाईट. कौशिक, तिचा नवरा, रास लफानच्या गॅस प्रकल्पातल्या शिफ्टवरून फोन करून सांगत होता, सोड ना, कशाला पंगा. तिने ऐकलं नाही. ग्रुपवर लिहिलं: 'एक शेवटचा शनिवार. मी गोष्ट सुरू करेन तेव्हा माझा भाऊ अल गराफाहून निघेल. सगळ्यांनी या. तो तुमच्यासमोर येऊन उभा राहील, मग माफी मागा.'

अवधूतला तिने सांगितलं तेव्हा तो हसला. "ताई, तो अख्खा रस्ता मी आखलाय. डोळे बांधून येईन."

"बांधू नको बाबा," ती म्हणाली. तिचं तिलाच बोलणं आवडलं नाही.

त्या शनिवारी बाहेर धुळीचं पांढरं ऊन होतं, इतकं की काचेबाहेर बघवेना. मुलं सतरंजीवर बसली. त्यांच्या आया आज निघून गेल्या नाहीत. कपाटांना पाठी लावून, हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कोणी भैरवीला नमस्कार केला नाही. शोभावहिनी कोपऱ्यात पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. सलमा दारात. एसीचा घरघराट तेवढा ऐकू येत होता.

'निघालो,' अवधूतचा मेसेज आला. भैरवीने तो सगळ्यांना दाखवला आणि फोन शेजारी ठेवला.

"तर मुलांनो, भाऊ फाट्यावर आला," तिने सुरुवात केली. "आणि आज तो वळलाच नाही. सरळ गेला."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग श्रेयस उभा राहिला. ज्या मुलाने जन्मात आईला आई म्हटलं नव्हतं, मम्मी म्हटलं होतं, तो स्वच्छ मराठीत बोलला.

"काकू, सरळ रस्ता नाहीच आहे."

त्याच्या आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"मी सांगते ना, आहे," भैरवी म्हणाली.

"नाही," बाकीची मुलं म्हणाली. ओरडली नाहीत. एका सुरात, हळू. "डावीकडे."

नुपूरही म्हणाली. तिची नुपूर, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती आज मराठीत बोलत होती, आणि भैरवीला त्याचा आनंद होईना.

"बरं, डावीकडे," ती पुटपुटली. मुलांच्या त्या डोळ्यांपुढे तिला दुसरं काही सुचलंच नाही.

फोन वाजला. तिने स्पीकर लावला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"ताई, इथे डायव्हर्जन आहे." अवधूतचा आवाज जरा गोंधळलेला. "डावीकडचा बाण. माझं नाही हे. मी असं काढलंच नव्हतं."

"वळू नकोस!"

"वळलो की."

 फोनमधून बारीक काहीतरी यायला लागलं. आधी वाटलं एसीच. मग कळलं. पुक, पुक, पुक.

"अवधूत, थांब तिथेच. गाडी बंद कर."

"बंदच केलीय गं," तो म्हणाला. आता हसणं गेलं होतं. "बंद आहे, तरी चाललीय."

बायकांची पाचावर धारण बसली. मुलांना दंडाला धरून, उचलून, ओढत त्या बाहेर पळाल्या. एकीची चप्पल तिथेच राहिली. जाताना अंतराच्या आईने भैरवीकडे पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती. 'आता कळेल,' असं होतं त्यात. खोलीत नुपूर राहिली, वहिनी राहिल्या आणि दारात सलमा, ओठांतल्या ओठांत काही म्हणत.

"वहिनी, काय करू?" भैरवी रडायला लागली. "वहिनी, माझा एकच आहे हो तो."

"पुरी कर," शोभावहिनी म्हणाल्या.  "गोष्ट अर्धी टाकलीस, म्हणून माणसं अर्ध्यात आहेत. घरी पोचव त्याला. लवकर!"

भैरवीने फोन दोन्ही हातांत धरला. गोष्ट काय, कशी, तिला काही आठवेना. शब्द नुसते तोंडातून सांडत होते.

"भाऊ गिरणीवरून पुढे गेला."

"हुं," अवधूत म्हणाला. गिरणीचा आवाज मागे पडत गेला.

"चिंच ओलांडली. कुठे वळला नाही."

"हुं."

"दिवेलागणीच्या आत भाऊ बहिणीच्या घरी पोचला. सुखरूप पोचला. संपली गोष्ट."

वहिनी फोनवर वाकल्या.

मग गाडीचं दार लागल्याचा आवाज.

"हुश्श," अवधूत म्हणाला. "पोचलो बाई एकदाचा."

 भैरवी मटकन सतरंजीवर बसली, नुपूरला पोटाशी धरलं आणि हसू लागली. वहिनींनी हात जोडले. सलमा भिंतीला टेकली.

"कुठे आहेस रे? खाली पार्किंगमध्ये?"

"पार्किंगमध्ये कशाला? तुझ्या घरी. दारात उभा आहे."

"अरे, मी इथे वाचनालयात आहे. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे."

"कुलूप कुठलं? दार उघडंय. आत दिवा लावलायस तू."

बाहेर भर दुपार होती.

"अवधूत," ती म्हणाली. "आत जाऊ नकोस."

तो तिचं ऐकत नव्हता. फोनमध्ये बांगड्या वाजल्या. मग कोणीतरी बोललं, आणि शोभावहिनींनी चटकन भैरवीच्या तोंडाकडे पाहिलं. भैरवीचं तोंड मिटलेलं होतं.

"आलास? किती रे उशीर!" आवाज भैरवीचा होता. तसाच थोडा घोगरा, नाव घेताना लाडाने लांबवणारा. "हातपाय धू, अवधू. पान वाढते."

"भूक लागलीय ताई, मरणाची." मग तो थबकला असावा. "अगं, पण मग हे फोनवर कोण आहे?"

भैरवी ओरडली. जिवाच्या आकांताने ओरडली, इतकी की सलमा धावत पुढे आली.

"कोणी नाही," फोनमधली ती शांतपणे म्हणाली. "ठेव तो."

त्याने फोन ठेवला. बंद केला नाही, कुठेतरी नुसता ठेवला. पाट सरकवल्याचा आवाज आला, तांब्यातून पाणी ओतल्याचा आला. मग कोणीतरी सावकाश चालत दारापर्यंत गेलं आणि आतून कडी लावली.