मगभर नरक्या

सत्त्याण्णव सालच्या सरत्या पावसाळ्यात हंबीरराव कोयनेच्या रानात घुसले ते नरक्या नावाच्या झाडाच्या सालीसाठी. मिरजेच्या दवाखान्यात त्यांची अंबूबाई कॅन्सरशी झुंजत होती. पहिल्या सलाईनने केस गेले, गाठ थोडी आटली. दुसऱ्या वेळी मात्र तिने हात आखडून घेतला. "सुई न्हाई! तुमी काढा आणा, त्योच पिईन."

काढ्याचं खूळ निघालं नागसेनमास्तरांच्या तोंडून. ते रहिमतपूरला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. चहा पिता पिता म्हणाले, चिनी लोक ज्याला आनंदाचं झाड म्हणतात, त्यात कॅन्सरवरचं द्रव्य सापडलंय. आणि तेच आपल्या घाटातल्या नरक्यातही आहे. मास्तर पुढचं वाक्य बोलेपर्यंत हंबीररावांनी कोयता, पातेलं आणि मेहुणा गोळा केला होता.

मेहुणा नाथाजी पैलवान होता.

"मास्तर, चिन्यांच्या नशिबी आनंद आन् आमच्या नरक, ह्ये कसं?" चढणीवर त्याने सोबत निघालेल्या मास्तरांना विचारलं.

"लाकूड घाण मारतं म्हणून."

कारवीच्या दाटीत जळवांनी तिघांचे पाय रंगवले. वाट वळली आणि समोर गवा! काळा, ओला, फुरफुरणारा. शहाण्या माणसाने मागे सरकावं. नाथाजीने शड्डू ठोकला. गव्याने सलामी घेतली नाही. सरळ शिंग घातलं! नाथाजी हवेत गेला आणि करवंदीच्या जाळीत आपटला. फासळ्या कडाडल्या.

"दाजी... कुस्ती कुणी मारली?"

"त्यो निघून गेला. म्हंजी तूच."

नरक्याची झाडं सापडली, पण तिथे आधीच कुऱ्हाडी चालल्या होत्या. लाकूड चोरून विकणारे तिघे. त्यांचा म्होरक्या भाऊसो अर्धवट तोडलेल्या खोडाला टेकून उभा.

"माझी बायकू मरायला टेकलीया, गड्या. पोतंभर साल दे," हंबीरराव म्हणाले.

"आन् माझा धंदा टेकलाय."

कुऱ्हाड आली! हंबीररावांनी पातेलं आडवं धरलं. ठण्ण! दुसऱ्या घावाने त्यांचा खांदा फाटला. मास्तरांनी एकाच्या कानाचा कडकडून चावा घेतला. नाथाजीने मोडक्या फासळ्यांनिशी दुसऱ्याला उचलून आपटला आणि दोघेही एका सुरात ओरडले.

इतक्यात जमीन हादरली. भूकंप! हंबीरराव, मास्तर, नाथाजी, बाहेरचे तिघे, धाडकन खाली बसले. चोर कोयनेकाठचेच, ते अदबीने थांबले.

"उठा. रोजचं हाय ह्ये," भाऊसो हसून म्हणाला आणि कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात त्यानेच निम्मं तोडलेलं झाड त्याच्या पायावर कोसळलं. हाड बाहेर आलं. साथीदार त्याला झोळीत घालून पळाले.

साल मिळाली! मास्तर ओढ्यावर नाथाजीला पट्टी बांधत होते, तोवर हंबीररावांनी चेपक्या पातेल्यात काढा उकळला. पलटणीच्या लंगरात, म्हणजे स्वयंपाकघरात, ते हवालदार होते. जवानाच्या ताटात पडण्याआधी अन्न आपण चाखायचं, हा नेम. आणि चमच्याने चाखणारा भित्रा, हे त्यांचं मत. त्यांनी काठोकाठ मग भरला आणि रिकामा केला.

मास्तर धावत आले. "किती प्यालात?"

"मगभर. अंबूला साखर लागंल."

"आवं, सुईतलं औषध केसभर तोलून देतात! मगानं प्यालं तर ते मारतं!"

घटकाभरात पोट पिळलं. ओकारी. जुलाब. मग रक्त! हंबीरराव चिखलात लोळत होते आणि डोळ्यांपुढे मग तोंडाला लावणारी अंबूबाई येत होती. त्यांनी दात आवळले, पोत्याला लाथ घातली. साल दरीत गेली.

मास्तरांनी त्यांना पाठीवर घेतलं. खाली रस्त्यावर एकच जीप होती, चोरांची, चिखलातून नुकतीच निघालेली. भाऊसो मागे कण्हत पडला होता. त्याने रक्ताने माखलेले तिघे पाहिले आणि मोडका पाय जरा सरकवला.

"चढा. दवाखाना एकच लागतोय."

मिरजेत हंबीररावांना सलाईन लागलं. ते जरा सावरल्यावर अंबूबाईला चाकाच्या खुर्चीतून त्यांच्याजवळ आणलं. तिने खांद्याचे टाके पाहिले, पांढराफटक चेहरा पाहिला.

"आवं, माजा काढा कुठाय?"

"प्यालो."

"समदा?"

"मगभर. मराय लागलो हुतो. बाकीचा टाकला."

अंबूबाई कितीतरी वेळ हसली. मग तिने डोळे पुसले, बाही वर केली आणि नर्सला म्हणाली, "लाव बाय सुई. ह्यांचा नेम न्हाई, उद्या तुजी बाटली बी चाखत्याल."