शंभरची लेन्स

"हिला कोणी मारलं?" मायक्रोस्कोपची शंभरपट मोठं दाखवणारी लेन्स उजेडात धरून मेकॅनिकने विचारलं.

पुसणी जागच्या जागी थिजली. लॅबमध्ये तिला सगळे पुसणीच म्हणायचे, कारण सात वर्षं तिने मायक्रोस्कोपवर धुळीचा कण बसू दिला नव्हता. नेहमीचे म्हातारे मेकॅनिक आजारी, म्हणून आज हा आलेला. ओळख ना पाळख, आणि हे असं बोलणं.

"मारलं म्हणजे? रोज दोनदा पुसते मी. जिवापाड जपते."

"कशाने पुसता?"

"स्पिरिटने. कापूस चिंब भिजवून."

त्याने डोळे मिटले. दाढ ठणकल्यावर मिटतात तसे. मग डोळा लावायची आयपीस काढली, उलटी करून भिंगासारखी लेन्सवर धरली. "या, बघा."

धरणारा हात त्याचा, बघणारा डोळा तिचा. वाकावंच लागलं. त्याचा श्वास तिच्या कानामागे लागत होता, आणि काचेच्या आत... पिसासारखी नक्षी पसरली होती. देखणी, मेली.

"आतल्या काचा चिकटवलेल्या असतात," तो हळूच म्हणाला. "तुमचं स्पिरिट झिरपून झिरपून तो गोंद विरघळला. स्लाइडवरचं तेल लेन्सला लागतं, ते आधी कोरड्या कागदाने टिपायचं. स्पिरिटचा एखादा थेंब सगळ्यात शेवटी, तोही कागदावर."

दोन महिने या लेन्समधून सगळं धूसर दिसत होतं. ती शंकेच्या स्लाइड बाहेरच्या लॅबला पाठवत होती, आणि चष्म्याचा नंबरही बदलून आली होती. जिला जपलं तिला आपणच संपवलं?

"गेली माझी खुर्ची," ती पुटपुटली.

त्याने रिपोर्टचा कागद पुढे ओढला. "बुरशी लिहितो. दमट हवेने लेन्सला बुरशी लागतेच. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"का पण?"

"का म्हणजे..." त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "यंत्राला जिवापाड जपते म्हणणारी बाई मी पहिल्यांदा बघितली."

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हो म्हणावंसं वाटलं.

"बुरशी लिहिलीत तर सफाईच्या मावशी जातील," ती म्हणाली. "मायक्रोस्कोपच्या पेटीतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या त्या बदलतात. रोजंदारीवर आहेत. लॅबच्या मॅडम त्यांना एक शब्द विचारणार नाहीत. खरं लिहा."

"अहो, पण तुमची नोकरी—"

"खरं लिहा म्हटलं ना. आणि माझ्यासाठी पुन्हा कोणाच्या पोटावर पाय द्यायला निघालात, तर याद राखा."

मग मेकॅनिकने खरं लिहिलं.

मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बोलावून रिपोर्ट वाचला. "सात वर्षं झाली, अक्कल नाही तुला? उद्यापासून रक्त काढायला बस. मायक्रोस्कोपला हात लावायचा नाही."

कापूस आणि स्पिरिट मॅडमनीच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी. पुसणीला ते आठवत होतं. मॅडमनाही आठवत असणार, पण मोठ्या खुर्चीवर बसलं की माणसं सोयीचं तेवढंच आठवतात.

मेकॅनिक मात्र टेबलाकडे बघत होता. तिथे मॅडमचा स्वतःचा मायक्रोस्कोप, शेजारी स्पिरिटची बाटली, ओला कापूस.

"यालाही जरा बघू?" असं म्हणत त्याने लेन्स काढलीसुद्धा. आयपीस उलटी केली. "हीपण गेली, मॅडम. तशीच नक्षी. दोघींना एकाच माणसाने शिकवलं का?"

मॅडमचा चेहरा पांढराफटक.

"तुमचं काम झालं. निघा," त्या म्हणाल्या. शिक्षा काही मागे घेतली नाही. असली माणसं मागे घेत नसतात.

बाहेर जिन्यात पुसणीने त्याला गाठलं. "वेडे आहात का तुम्ही? आता तुम्हाला इथे कोण बोलावणार?"

"नाही बोलावणार," त्याने कबूल केलं. "मग तुम्ही कुठे भेटाल?"

"तळमजल्यावर. रक्त काढायच्या खोलीत... सकाळी आठपासून."

"उपाशीपोटी यायचं?"

"साखर तपासायची असेल तर."

दुसऱ्या दिवशी आठला पाच कमी असताना तो पहिल्या खुर्चीवर हजर होता. बाही वर, कपाळावर घाम. तिने दंडाला पट्टा बांधला, सुई उचलली, तसं त्याने तोंड फिरवलं.

"सुईला घाबरता?" ती चाट पडली.

"लहानपणापासून. चक्कर येते मला."

"मग आलात कशाला?"

"तुमच्यासाठी," तो भिंतीकडे बघून म्हणाला. "दुसरं काय कारण असणार?"

सात वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने सुई ट्रेमध्ये परत ठेवली, पट्टा सोडला आणि त्याचा गार पडलेला हात हातात घेतला. बाहेर रांगेतलं कोणीतरी खाकरलं.

"खाकरू दे," ती म्हणाली. "आधी माझ्याकडे बघा."