दोन जावा आणि वरचा डोह

वरच्या डोहातला सोनखवल्या मासा धरून आणायचा आणि थोरल्या जावेच्या नाकासमोर सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवायचा! मोहिमेचा उद्देश एवढाच होता. शेजारीपाजारी विचारत, तेव्हा धाकटी सांगायची, "शनिवार-रविवार जरा मोकळ्या हवेत जाऊन येते." खरं कारण होतं सासऱ्यांची काठी.

सासरे सुतार. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी नदीवर जाणं सोडलं, आणि स्वतःच्या हातानं तासून, तेल पाजून घडवलेली बांबूची गळाची काठी पितळी रिळासकट थोरल्या सुनेला देऊन टाकली. तीही सगळ्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर. "हिच्या हाताला मासा कळतो," ते म्हणाले. धाकटी तेव्हा वाढत होती. तिच्या हातातला डाव भांड्यावर असा आपटला की रस्सा टेबलभर उडाला.

दहा वर्षं सासऱ्यांबरोबर नदीवर कोण जात होतं? गळ कोण बांधत होतं, गुंतलेला दोरा तासन्‌तास कोण सोडवत होतं? धाकटीच! थोरली इस्पितळात नर्स. दोन वर्षांपूर्वी सुट्टी होती म्हणून गंमत बघायला आली काय, पहिल्याच दिवशी हातभर मासा काढते काय, आणि सगळं घर तिचं कौतुक करत सुटतं काय! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नव्हती.

सोनखवल्यानं खुद्द सासऱ्यांना तीनदा हुलकावणी दिली होती. सोनेरी खवल्यांचा, जाड ओठांचा तो मासा दिवसभराच्या चालीवर, दरीतल्या शेवटच्या धबधब्याखालच्या डोहात राहत होता. धाकटीनं नणंदेला पटवलं. नणंद शहरात बस चालवायची, अंगानं दणकट आणि कशालाच न घाबरणारी. बेत ठरला, आणि सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता फर्मान काढलं, "थोरलीला घेऊन जा. नाहीतर कुणीच जायचं नाही."

झालं! धाकटीनं ओठ चावला आणि तयारीला लागली.

तयारीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तंबू, ताडपत्र्या आणि पाठपिशव्या शिवण्याचं तिचं दुकान होतं. कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर तिनं आठवडाभर आधी सगळं सामान मांडलं. कोरड्या दोऱ्यावर मारलेली गाठ पाण्यात सुटते, म्हणून प्रत्येक गाठ ओल्या दोऱ्यावर बांधून, वजन टांगून पाहिली. गळ दोन डब्यांत विभागले. एक डबा वाहून गेला तरी दुसरा उरला पाहिजे. काड्यापेट्या मेण लावलेल्या डब्यात. कोरडे कपडे दुहेरी शिवणीच्या पाणबंद पिशव्यांत. वनखात्याचा परवाना, शिट्ट्या, तरंगायची जाकिटं, चाळीस हात दोर. नकाशावर जायची वाट तिनं लाल पेन्सिलीनं काढली आणि नदीला पाणी आलं तर परतायची, कड्यावरून फिरून येणारी वाट निळ्या पेन्सिलीनं.

"धाकट्या वहिनी, मासे धरायला निघालोय की लढाईला?" नणंदेनं विचारलं.

"वन्सं, तुम्ही बस काढण्याआधी ब्रेक तपासता ना? तसंच हे. सगळं भरलेली पिशवी पाठीवर घेऊन आजपासून रोज गल्लीला चार फेऱ्या मारा. आणि नवे बूट आणाल तर खबरदार! आधी पायात मुरले पाहिजेत."

हवामानाचा अंदाज तिनं दोनदा पाहिला, आपल्या गावचा आणि नदी उगम पावते त्या डोंगरांचा. वरच्या डोंगरांत पाऊस रविवारी संध्याकाळनंतर होता. तोवर परत यायचंच होतं. सासऱ्यांच्या हातात तिनं चिठ्ठी ठेवली: रविवारी सहापर्यंत आलो नाही, तर वनखात्याला फोन करा.

थोरली शनिवारी पहाटे आली ती एक छोटी पिशवी आणि ती काठी घेऊन. पाण्याची बाटली एकच. वाऱ्याला आडोसा करणारा कोट नाही. धाकटीनं न बोलता स्वतःचा जादा कोट तिच्या अंगावर टाकला.

"किती गं तुझी तयारी!" थोरली हसत म्हणाली. त्या हसण्यानंही धाकटीला मिरची लागली.

पहिल्या चार तासांतच जंगलानं आपला इंगा दाखवला. वादळात पडलेली झाडं वाटेवर एकमेकांत अडकून पडली होती. कुठे वरून, कुठे पोटावर सरपटत खालून, अंगावर शेवाळ आणि कोळ्यांची जाळी घेत तिघी पुढे सरकल्या. मग सुट्या दगडधोंड्यांचा उतार लागला. नणंदेचा पाय घसरला! वीस हात ती खाली गेली आणि एका झुडपाला लटकली. धाकटीनं दोर टाकून तिला वर ओढलं, थोरलीनं सोलवटलेला गुडघा धुऊन असा सफाईनं बांधला की नणंद लगेच चालू लागली. "थोरल्या वहिनींच्या हातात जादू आहे!" ती म्हणाली. दोर कुणी टाकला, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. निदान धाकटीला तसं वाटलं.

दिवस मावळायच्या आत त्या डोहावर पोचल्या. दोन्ही बाजूंना काळे कातळ, समोर धबधब्याचा पांढरा पट्टा आणि मधोमध हिरवंगार, स्थिर पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. काठापासून पंधरा पावलांवर पाण्यात एक सपाट खडक होता. तिथवर गुडघाभर पाणी. धाकटीनं काठावरच्या जाड झाडाला दोराचं एक टोक बांधलं आणि दुसरं खडकाच्या सुळक्याला, जाता-येता धरायला. तंबू मात्र तिनं उंचावर लावला, पुराच्या जुन्या खुणांच्याही वर. खालची वाळू मऊ होती, म्हणून नणंद कुरकुरली. धाकटीनं ऐकलं नाही.

रविवारी उजाडताच मासेमारी सुरू झाली. खडकावर दोघी जावा, काठावर जाळी घेऊन नणंद. धाकटीनं आमिष बदललं, वजन बदललं, खोली बदलली. गळाला काही लागेना. जाकीट हाताला अडतं म्हणून थोरलीनं ते काढून काठावर फेकलं होतं. तिनं आठच्या सुमाराला काठी सहज मागे नेली आणि धबधब्याच्या फेसाच्या कडेला गळ टाकला.

रीळ किंचाळलं!

काठी अर्धगोल वाकली. पाण्याखाली सोन्याचं ताट उलटावं तसं काहीतरी लखलखलं. सोनखवल्या! केवढा तो! धाकटीनं आयुष्यात एवढा मासा पाहिला नव्हता, आणि तो काठीच्या दोऱ्याला होता. तिच्या काठीच्या, असंच तिला वाटलं. दहा वर्षांनंतर जी तिची व्हायला हवी होती त्या काठीच्या! छातीत काहीतरी करपलं.

"काय करू?" थोरली ओरडली. "धाकटे, सांग ना, काय करू आता?"

मासा लागलेला दोरा क्षणभरही सैल सोडायचा नसतो, हे धाकटीला पाठ होतं.

"ढील द्या!" ती ओरडली. "सोडा, सोडा, सगळा सैल सोडा!"

थोरलीनं सोडला. दोरा पाण्यावर लोळला. मासा उसळला, गळ झटकायला त्यानं डोकं हलवलं. पण थोरलीच्या हाताला खरंच मासा कळत होता. तिनं झटक्यात दोरा ताणून धरला आणि मान वळवून धाकटीकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग नव्हता, पण डाव ओळखला होता. धाकटी शरमेनं खाली पाहू लागली.

खाली पाहिलं म्हणूनच तिला दिसलं. हिरवं पाणी चहासारखं झालं होतं. काटक्या वाहत येत होत्या, पालापाचोळा, मग हिरवी, नुकतीच मोडलेली डहाळी. गोट्यांवर मघापर्यंत कोरडी असलेली रेघ बुडाली होती. डोक्यावर निळंभोर आकाश, पण वरच्या डोंगरात पाऊस ठरल्या वेळेआधीच कोसळला होता!

"जाऊबाई, निघा! पाणी वाढतंय! आत्ताच्या आत्ता काठावर चला!"

"आता हे नवीन का?" थोरलीनं दात आवळून दोरा गुंडाळला. "तुला माझा मासा बघवत नाही, एवढंच ना?"

"शप्पथ घेऊन सांगते, पूर येतोय!"

"मघाशीही तू सांगितलंसच!"

काठावरून नणंदही ओरडली, "अहो धाकट्या वहिनी, धरू द्या की त्यांना मासा!" धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती खरं बोलत होती आणि तिच्यावर विश्वास ठेवायला जगात एकही माणूस उरला नव्हता. हे तिचंच कर्तृत्व!

मग आवाज आला. धबधब्याच्या आवाजाखालून वर येणारी जाड घरघर. नणंदेनं वर पाहिलं आणि शिट्टीला तोंड लावलं. शिट्टी थांबेचना!

धबधबा पांढऱ्याचा तपकिरी झाला. लाट आली. खडकावर घोट्याएवढं पाणी. पोटरीएवढं! थोरलीनं दोर धरला खरा, पण एका हातानं. दुसऱ्या हातात काठी, काठीला मासा.

"काठी सोडा!"

"बाबांची आहे!"

"सोडा म्हणते ना!"

"त्यांनी मला दिलीय! मी नाही सोडणार!"

पाण्यानं थोरलीचे पाय उचलले. ती दोराला एका मुठीवर लटकली, फडफडली. मूठ सरकू लागली. धाकटीनं काखेत दोर आवळला, एक हात थोरलीच्या कमरेत घातला आणि दुसऱ्या हातानं काठी हिसकावली. पितळी रीळ उन्हात एकदा चमकलं. तिनं काठी भिरकावून दिली! पाण्यानं ती गिळली.

"आता दोन्ही हातांनी दोर! माझ्या पुढे चला!"

पंधरा पावलं. दोर धनुष्यासारखा ताणला होता. कमरेएवढं पाणी, मग छातीएवढं. एक ओंडका धाकटीच्या पाठीवर आदळला. तिचे पाय सुटले आणि दोर तळव्यातून कातडी सोलत सरकला. तिनं मूठ उघडली नाही. थोरलीला तिनं पुढे ढकललं. काठावरून नणंदेचा दणकट हात आला. थोरलीची कॉलर! मग धाकटीच्या जाकिटाचा पट्टा! तिघी चिखलात पालथ्या पडल्या, उठल्या, तंबूच्या दिशेनं चढत सुटल्या. मागे पाहिलं तेव्हा खडक नव्हता. मऊ वाळूही नव्हती.

तंबूत थोरलीचे दात वाजत होते, पण तिनं आधी पाणबंद पिशवी उघडली. आतलं सगळं खडखडीत कोरडं. तिनं धाकटीचा तळहात मांडीवर घेतला. सोललेल्या कातडीखाली लाल मांस दिसत होतं. ती साफ करू लागली.

"जाऊबाई," धाकटी म्हणाली, "मघाशी ढील द्या म्हणाले, ते मुद्दाम."

"माहितेय. हात हलवू नकोस."

"आणि काठी फेकली ना... तुम्हाला वाचवायलाच फेकली. पण फेकताना मला बरं वाटलं. क्षणभर फार बरं वाटलं."

थोरलीचा हात थांबला. "तुझी चूक होती म्हणून मला पुढच्या वेळी खरं ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही. पण मूठ का नाही सोडलीस? एवढं सोललं, तरी?"

"तेव्हा तुम्ही होतात ना दोराला. काठी नव्हती."

थोरलीनं पट्टीला घट्ट गाठ मारली. जरा जास्तच घट्ट. धाकटी "आई गं" म्हणाली, आणि नणंद दोघींकडे बघत ओलं नाक पुसत हसू लागली.

नेहमीची वाट पाण्याखाली गेली होती. निळ्या पेन्सिलीची वाट मात्र कोरडी होती, पण उभा कडा, काटेरी झुडपं आणि आठ तास. दुपारी पाऊसही भेटला. शेवटच्या चढावर तिघी एकमेकींना ढकलत होत्या. घराचा जिना चढल्या तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. सासरे एका हातात चिठ्ठी, दुसऱ्यात फोन घेऊन दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तिघींना मोजलं. मग रिकामे हात पाहिले.

"काठी?"

"मी फेकली, बाबा," धाकटी थोरलीच्या आधी बोलली. "पुरात. यांच्या हातातून ओढून."

"आणि मी सोडत नव्हते," थोरली म्हणाली. "हिनं सांगूनही."

सासऱ्यांनी धाकटीचा बांधलेला हात उलटासुलटा करून पाहिला, तासलेलं लाकूड पाहावं तसा.

"मासा तरी होता का?"

"होता! माझ्या गळाला लागला होता," थोरली म्हणाली, आणि तेच ओळखीचं करपणं धाकटीच्या छातीत पुन्हा उठलं.

"केवढा होता?"

थोरलीनं दोन्ही हात समोर धरून माप दाखवलं. धाकटीनं ते पाहिलं, मान हलवली, आणि पुढे होऊन आपल्या पट्टी बांधलेल्या हातानं थोरलीचा हात धरून आणखी वीतभर बाजूला सरकवला.

"एवढा होता, बाबा," ती म्हणाली. "मी बघितलाय."