निळ्या कार्डाची कड

मशीनवर तिसऱ्यांदा ‘पिन चुकीचा’ अशी अक्षरं आली आणि मशीन गप्प झालं.

“चुकीचा कसा?” ओर्वोक्की ओरडली. “पंधरा वर्षं हाच पिन आहे माझा!”

“बाई, आता पुन्हा नका टाकू,” मशीन धरून उभी असलेली यामिना म्हणाली. “कार्ड लॉक झालंय.”

समोर बसलेल्या राऊहानं कॉफीचा कप खाली ठेवला. ओर्वोक्की तिची नणंद. राऊहाचा नवरा गेल्यापासून दोघी दर हिवाळ्यात फिनलंडमधला अंधार मागे टाकून इथे स्पेनच्या किनाऱ्यावर, फुएंगिरोलाला येत. कॅफे एन्सिओचा, आणि एन्सिओही त्यांच्याच गावाकडचा. दालचिनीचे बन गावच्यासारखे, कॉफी गावच्यासारखी, आणि टेबलांवर चालणाऱ्या चहाड्याही गावच्यासारख्याच. परकी होती ती एकटी यामिना. मोरोक्कोहून आलेली. फिनिश भाषा तिनं याच टेबलांभोवती ऐकून उचलली होती.

ओर्वोक्कीनं फोनवर बँकेचं खातं उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

“गेले. सगळे पैसे गेले. आज सकाळी साडेसातला, मालागाच्या एटीएममधून.” तिनं हातातलं कार्ड वर धरलं. चंदेरी कव्हरमधून त्याचं निळं टोक तेवढं बाहेर डोकावत होतं. “पण कार्ड तर हे माझ्या हातात आहे!”

“कॉपी केलंय,” शेजारच्या टेबलावरून म्हातारा आह्ती म्हणाला. सगळी हयात त्यानं मालवाहू जहाजांवर काढली होती. आवाज अजून डेकवरचाच होता. “गेल्या आठवड्यात माझं असंच झालं. त्याआधी केर्त्तूचं. बिचारी रडत घरी परतली. आम्ही तिघंही कॉफी प्यायला येतो ते इथेच. आणि टेबलावर मशीन कोण आणतं?”

कोणी नाव घेतलं नाही. सगळ्या माना मात्र एकाच दिशेला वळल्या.

काउंटरमागून एन्सिओ बाहेर आला. “एप्रन काढ,” तो यामिनाला म्हणाला. “मी पोलिसांना बोलावतोय. ते येईपर्यंत त्या खुर्चीवरून हलायचं नाही.”

“मी काय केलं?”

“ते त्यांना सांग.”

“एन्सिओ, पुढच्या महिन्यात माझा राहण्याचा परवाना नव्यानं व्हायचाय. नोकरी गेली, वर पोलिसात नाव गेलं, तर मला आणि माझ्या मुलीला घालवून देतील. तुम्हाला माहितीये हे.”

“मग हे आधी सुचायला हवं होतं.”

यामिनानं एप्रनची गाठ सोडली. बोटं थरथरत होती, त्यामुळे वेळ लागला. कोणीतरी मागून म्हणालं, “बघा, हात कसे कापताहेत.”

राऊहाला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जाई. रोव्हानिएमीच्या शाळेत ती पदार्थविज्ञान शिकवायची, तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा त्या आवाजाला टरकून असत.

“ओर्वोक्की,” ती अगदी हळू म्हणाली, “पिन का चालला नाही?”

“कार्ड कॉपी केलं ना!”

“कॉपी केलं म्हणून पिन का चालू नये?”

“मला काय माहीत? तू मास्तरीण, तू सांग!”

“सांगते. आधी विचारते त्याची उत्तरं दे. काल कार्ड कुठे कुठे वापरलंस?”

“इथेच. फक्त इथे. दुपारी बन घेतले, आठवतंय ना?”

“तेव्हा पिन चालला?”

“चालला.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर कुठेच नाही.”

“घोट्याला रात्री मलम चोळत होतीस ते कुठून आलं?”

ओर्वोक्की अडखळली. “ते होय. संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले होते. आपल्या फिनिश क्लबात जाता जाता. तिथेही कार्डच वापरलं. पिन टाकला, चालला.”

“मग क्लबात गेलीस. हेइमोच्या दर आठवड्याच्या व्याख्यानाला.”

“हो. तू आली नाहीस. परदेशात कार्ड कसं सांभाळायचं, इतकं छान सांगितलं त्यानं! आणि तू नेहमी मला नावं ठेवतेस ना, की कार्ड जपत नाहीस, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतेस त्यानं? बघ, आता कव्हरमध्ये ठेवलंय. चोराला खिशाबाहेरून वाचता येत नाही. आणि पैसे देताना पूर्ण बाहेर काढायचंच नाही, नुसतं टोक काढून मशीनमध्ये घालायचं. मला जमेना, तर हेइमोनं स्वतः घालून दिलं.”

“तुझ्याही कार्डाला कव्हर होतं?” राऊहानं आह्तीला विचारलं.

“होतं की. आम्हा सगळ्या निळ्या कार्डवाल्यांना त्यानं फुकट दिलीत. हेइमो त्याच बँकेत नोकरीला होता ना, त्याला आपलेपणा वाटतो.”

“व्याख्यानानंतर कुठे गेलीस, ओर्वोक्की?”

“घरी. तूच दार उघडलंस.”

“आणि आज, या मशीनच्या आधी कार्ड पिशवीतून बाहेर काढलंस?”

“नाही बाई. आत्ता काढलं, तेही माझ्याच हातानं. या पोरीनं कार्डाला हात लावलेला नाही, एवढं खरं. नुसतं मशीन धरलं.”

“मशीनमध्येच काहीतरी बसवलं असेल,” एन्सिओ म्हणाला.

“गप्प बस, एन्सिओ,” राऊहा म्हणाली. तो गप्प बसला. चाळिशीचा माणूस, स्वतःच्या कॅफेत.

एवढ्यात दार उघडलं. कोणीतरी हेइमोला फोन केलाच होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात क्लबच्या ओळखपत्राची पट्टी, खांद्याला पिशवी आणि हातात छोटी कात्री.

“ओर्वोक्की, माझ्या राणी, घाबरायचं नाही,” तो म्हणाला. “फोनवर कळलं, कार्ड बंद झालंय. छान. आता ते कार्ड दे. कव्हरसकट दे. आधी कापून टाकू, म्हणजे आणखी कोणी वापरायला नको.” मग यामिनाकडे पाहून त्यानं मान हलवली. “मी व्याख्यानात काय म्हणालो होतो? परक्या मुलखात मशीन परक्याच्या हातात द्यायचं नाही.”

“माझ्या वेळीही असाच धावत आला होता,” आह्ती कौतुकानं म्हणाला. “इथेच कापलं. तुकडेसुद्धा घेऊन गेला, मला कचऱ्यात टाकायचा त्रास नको म्हणून.”

ओर्वोक्कीनं कार्ड पुढे केलं. कात्रीची पाती उघडली.

“कात्री खाली ठेवा,” राऊहा म्हणाली.

“अहो, तुम्ही विज्ञानवाल्या. बँकेचं थोडं मला कळू द्या.” हेइमो हसला. “बंद झालेलं कार्ड कापायचंच असतं.”

“बंद झालंय ना? मग घाई कसली? बंद कार्डानं आता कोणाचं काय बिघडणार आहे?”

हेइमोचं हसू तसंच राहिलं. हात मात्र पुढे आला. त्याच्याआधी राऊहानं कार्ड घेतलं. कव्हरमधून ते बोटभर बाहेर होतं. तिनं त्याच्या लांब कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा.

कड गुळगुळीत होती.

तिनं कार्ड कव्हरमधून ओढून काढलं, उलटं केलं, वाचलं. तिचे ओठ घट्ट मिटले. मग ते तिनं शेजारच्या टेबलावर ठेवलं.

“आह्ती, चष्मा लाव. मागे नाव छापलंय, ते मोठ्यानं वाच.”

आह्तीनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

“हे… हे माझं नाव आहे.” त्यानं वर पाहिलं. “हे माझं कार्ड आहे! हेइमो, हे तर तू माझ्यासमोर कापलंस!”



“त्यानं कापलं ते तुझं नव्हतंच,” राऊहा म्हणाली. “कापण्याआधी कव्हरमधून काढून पाहिलं होतंस?”

“तो म्हणाला, कव्हरसकट दे.”

“आत्ताही तेच म्हणाला. त्या कव्हरमध्ये बहुतेक केर्त्तूचं कार्ड होतं. तुझं त्यानं आधीच्या संध्याकाळी, व्याख्यानाच्या वेळी काढून घेतलं होतं. सकाळी त्यावर पैसे काढले. तुझं खातं बंद झालं, कार्ड निरुपयोगी झालं; मग तेच काल ओर्वोक्कीच्या कव्हरमध्ये गेलं आणि ओर्वोक्कीचं याच्या खिशात. रंग तोच, बँक तीच, नाव झाकलेलं. म्हणून याला निळी कार्डंच हवी होती. दरवेळी मागचं कार्ड पुढच्याच्या गळ्यात, आणि त्याच्याही मागचं कात्रीखाली. आपल्या चोरीचा पुरावा हा आपल्याच डोळ्यांदेखत कापत होता, आणि आपण त्याचे आभार मानत होतो.”

“काहीतरीच!” हेइमोचा आवाज चिरकला. “या पोरीनं बदललं असेल!”

“कधी? काल दुपारी इथे कार्ड वापरल्यानंतर औषधाच्या दुकानात त्याच कार्डावर तोच पिन चालला. म्हणजे तोवर ते ओर्वोक्कीचंच होतं. तिथून ती थेट तुमच्यासमोर येऊन बसली, तुमच्याकडून थेट घरी आली. आज कार्डाला कोणी हात लावला नाही, हे तिनं स्वतः सांगितलं. या सगळ्यात कार्ड तिच्या हातातून एकाच माणसाच्या हातात गेलं.”

“पण कॉपी—”

“कॉपी झालीच नाही. किल्लीची नक्कल केली म्हणून मूळ किल्ली कुलपाला लागायची थांबत नाही. कार्डाची नक्कल झाली असती, तर आज ओर्वोक्कीचा पिन चालला असता. तो चालला नाही, याचा एकच अर्थ: हातातलं कार्ड तिचं नव्हतं. खात्री करायला मला फक्त कड बघायची होती. सबंध नोव्हेंबर ही बाई गाडीच्या काचेवरचा बर्फ कार्डानं खरवडत होती. मी दिलेली बर्फ खरवडायची पट्टी डिकीत कागदात गुंडाळलेली पडलीय. तिच्या कार्डाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती. आणि हे बघा. नवं कोरं.”

ओर्वोक्की खुर्चीत मागे टेकली. “पण पिन? पिन तर मी कोणालाच सांगितला नाही!”

“काल व्याख्यानात हात आडवा धरून पिन टाकायचा सराव झाला?”

“झाला. त्यानं जुनं मशीन आणलं होतं सरावासाठी. एकेकानं डाव्या हातानं झाकायचं आणि…” तिचा आवाज बसला. “मी खराच टाकला. दुसरा कुठला टाकणार? एकच तर पाठ आहे मला.”

“मीही खराच टाकला,” आह्ती म्हणाला. त्याची मान लाल होत चालली होती.

“बघणाऱ्यापासून पिन झाकला आणि आकडे नेमके त्याच्याच मशीनमध्ये भरले. ते मशीन या पिशवीत असेल, नाहीतर घरी. त्यात काय उतरून घेतलंय ते पोलीस बघतील.”

हेइमो दाराकडे वळला. आह्ती उठला नाही. त्यानं फक्त काठी आडवी केली. हेइमो अडखळून गुडघ्यावर आला, कात्री फरशीवर घसरत गेली. त्याच वेळी दारात दोन पोलीस उभे राहिले. एन्सिओनं यामिनासाठी बोलावलेले.

“कोणाला न्यायचंय?” त्यातल्या एकानं स्पॅनिशमध्ये विचारलं.

एन्सिओआधी यामिनानंच हेइमोकडे बोट दाखवलं, आणि तिनंच सगळं स्पॅनिशमध्ये सांगितलं. पिशवी उघडली. आत सरावाचं मशीन निघालं. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात निळं कार्ड निघालं, मागे ओर्वोक्कीचं नाव, एक कड कुरतडलेली.

त्याला घेऊन गेल्यावर सगळे एकदम बोलू लागले. कोणाला आधीपासूनच संशय होता. कोणाला त्याचे डोळे कधीच आवडले नव्हते.

“खोटं बोलू नका,” राऊहा म्हणाली. आता तिचा आवाज इतका खाली गेला होता की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागलं. “तो तुमच्याकडून कार्ड घेत होता, पिन घेत होता, आणि तुम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होता. का? आपल्या भाषेत बोलतो म्हणून. ही चार वर्षं तुमचे कप उचलतेय. आह्ती, तू विसरलेलं पैशांचं पाकीट तिनं तुझ्या घरी आणून दिलं होतं ना? तरी तुम्ही हात पाहिले ते हिचे. त्याच्या हातांकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.” ती ओर्वोक्कीकडे वळली. “तूही नाही.”

ओर्वोक्की रडत होती. राऊहानं तिला रुमाल दिला नाही.

एन्सिओनं खुर्चीवरचा एप्रन उचलून झटकला. “यामिना, अगं, झालं गेलं विसरून जा. गैरसमज झाला. एवढ्यावरून काही नोकरी जात नसते. हे घे.”

यामिनानं एप्रनकडे पाहिलं. राऊहाला ते पाहणं समजलं. तो त्याच्या तोंडावर फेकावा असं त्या बाईला वाटत होतं, आणि पुढच्या महिन्यातला परवाना तिला तसं करू देत नव्हता.

तिनं एप्रन घेतला, बांधला. या वेळी गाठ पहिल्याच फटक्यात बसली.

“माझ्यावर संशय घेतला तो मोठ्यानं,” ती एन्सिओला म्हणाली. “माफीही मोठ्यानंच मागा. आणि माझ्या परवान्याच्या अर्जासोबत लागतं ते पत्र आज लिहून द्या. आज, आत्ता.”

एन्सिओनं माफी मागितली. पुटपुटत. “ऐकू आलं नाही,” आह्ती गरजला, मग स्वतःच मान खाली घालून म्हणाला, “माझीही घे, पोरी.” एन्सिओनं पुन्हा मागितली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि पत्र लिहायला आत गेला.

ओर्वोक्कीच्या कॉफीचे पैसे अजून द्यायचे होते. राऊहानं आपलं हिरवं कार्ड काढलं. यामिनानं मशीन टेबलाच्या मधोमध ठेवलं, दोन पावलं मागे सरली आणि दोन्ही हात वर धरले, तळवे उघडे, टेबलांवरच्या प्रत्येकाला नीट दिसतील असे.

“टाका पिन,” ती म्हणाली. “मी इथे उभी आहे.”

राऊहानं पिन टाकला. पावती बाहेर आली तरी ते हात खाली आले नाहीत, आणि कॅफेत एकाचीही मान वर झाली नाही.