रिकाम्या फडक्यातला बिचवा

‘माझ्या आईनं वडिलांना मारलेलं नाही,’ लता म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून बसली.

इंदिरानगरच्या घरात तिच्या वडिलांना, पुंजारामांना, कुणीतरी भोसकून मारलं होतं. देवघरातला वडिलार्जित बिचवा नाहीसा झाला होता. त्याचं तांबडं फडकं मात्र नीट घडी करून देवापुढे ठेवलेलं होतं. तिची आई मालनबाई आपणहून पोलिसांकडे गेली. खून मीच केला, बिचवा गोदावरीत टाकला, म्हणाली.

म्हणून लता खासगी तपास करणाऱ्या रंगनाथांकडे आली होती. त्यांचे सोबती मल्हारी पुटपुटले, ‘बिचवा म्हणजे जुन्या लोकांचा चाकूच की.’

बिचवा कोण हाताळतं, असं रंगनाथांनी विचारलं. लताने सांगितलं, की वर्षातून एकदा, खंडेनवमीला, वडील आणि भाऊ जयराम तो उघडून पुजायचे. बायकांनी तेवढा वेळ बाहेर थांबायचं. लग्न होऊन आल्यापासून आईनेही तो पाहिलेला नव्हता.

जयराम म्हणाला, त्या दिवशी मी विंचूरला कांद्याच्या लिलावात होतो. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांच्या पाठीवर काळेनिळे वळ होते. गोणीच्या दोरीचे, म्हणाला.

कोठडीत रंगनाथांनी मालनबाईंना एवढंच विचारलं, की बिचवा होता कसा.

‘कसा म्हंजे? पातं सरळ, मूठ लाकडाची. आपल्या सुरीवानी.’

संध्याकाळी दिवा लागल्यावर रंगनाथांनी भावाबहिणीला समोर बसवलं.

‘मल्हारी, तुमची चूक तीच मालनबाईंची. बिच्छू म्हणजे विंचू, त्यावरून बिचवा. पातं नांगीसारखं वळतं. मूठ म्हणजे लोखंडी कडं, त्यात चार बोटं घालून वार करायचा. मालनबाईंनी तो कधी धरलेलाच नाही.’

‘मग एखादा चोर?’ मल्हारींनी विचारलं.

‘चोर फडक्याची घडी घालत बसत नाही. दरसाल घालणाऱ्याचा हात आपोआप घालतो. आणि जयराम, दोरी तळव्यात रुतते. बोटांच्या पाठीवर कडं लागतं.’

लताने भावाकडे पाहिलं. तिला ऐकायचं नव्हतं, पण विचारायला तीच आली होती.

‘त्यांनी आईवर काठी उगारली होती,’ जयराम खाली बघत म्हणाला. ‘ती तोंड झाकून बसली होती, बिचवा तिनं पाहिलाच नाही; गोदावरीत मीच टाकला. आईच म्हणाली, तू विंचूरला होतास असं सांग.’

जयरामला अटक झाली आणि मालनबाई सुटल्या. चौकीच्या पायरीवर लताने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

‘मी आत होते तवर तो घरी दोन घास खात होता,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘आता मी घरी जाऊन जेवू कशी, पोरी?’