कड्यावरचा दरवाजा

सम्राटानं ठरवलं, आता नवा मुलूख जिंकायचा नाही. आहे तो राखायचा. म्हणून ब्रिटनच्या उत्तरेला या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भिंत उभी राहिली, आणि हुकुमाप्रमाणे मैलामैलाला दरवाजा. विरिलच्या चौकीपाशी भिंतीपलीकडे सरळसोट कडा होता आणि खाली तळं. तिथून येणार कोण, तर घारी. गवंड्यांनी कपाळाला हात लावला आणि दरवाजा बसवला. रोज सकाळी तो उघडायचा, रिकाम्या हवेला रीतसर विचारायचं, "कोण? किती जण? काम काय?" आणि परत लावून घ्यायचा. सुरुवातीला शिपाई पोट धरून हसले. आता कुणी हसत नसे.

विरिल त्या चौकीचा नायक. त्याचा धाकटा भाऊ मासो पानगळीच्या सुमारास टेहळ्यांबरोबर उत्तरेला गेला, तो परतलाच नाही. विरिलनं शोधासाठी माणसं मागितली. किल्लेदार तसा वाईट नव्हता, पण म्हणाला, "भिंतीपलीकडचं आता आपलं नाही, नायक. हुकूम नाही." ते विरिलच्या मनाला फार लागलं. भावाचं काय झालं एवढं तरी कळावं, म्हणून तो रोज जातीनं दार उघडायचा.

एका सकाळी दाट धुकं होतं. तो अडसर काढायला गेला, तर दारावर थाप पडली. बाहेरून.

"कावळा असेल," जवाची पेज ढवळत गान्नक शिपाई म्हणाला.

"कावळा मुठीनं ठोकतो होय?"

गान्नकनं पळी खाली ठेवली. "मग उघडू नका, नायक. तिथं बोटभर जागा नाही उभं राहायला."

विरिलनं अडसर काढून खाली टाकला आणि दार आत ओढलं. समोर नुसतं पांढरं धुकं. तळ्याचा ओला, गार वास. रोजचा प्रश्न विचारायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात धुक्यातूनच कुणी विचारलं,

"कोण? किती जण? काम काय?"

आवाज मासोचा होता. पहाऱ्यावर असतो तसा, कोरडा.

"मासो, मी रे. दादा." विरिलनं धुक्यात हात पुढे केला. "ये, आत ये."

"आतच आहे मी, दादा. बाहेर तू आहेस."

"मग मला तरी येऊ दे."

त्यानं उंबऱ्यापुढे पाय टाकला. गान्नकनं मागून त्याचा कमरपट्टा घट्ट धरून त्याला आत खेचलं.

"नाही, दादा," आवाज जरासा हळवा झाला. "हुकूम नाही."

दार विरिलच्या हातातून सुटलं आणि सावकाश लागलं.

त्यानं ते परत ओढलं. मग दोघांनी मिळून ओढलं. हललं नाही. त्यांच्या बाजूचा अडसर अजून जमिनीवरच पडला होता.

विरिलनं फळीला कान लावला.

पलीकडे कुणीतरी येरझारा घालत होतं. मधेच थांबून, थंडी घालवायला, कडक जमिनीवर पाय आपटत होतं.